सुरक्षिततेचे पैसे कोणी भरायचे?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला दिलेला विषय वरकरणी अगदी छोटा आहे. आपल्या संघटनेचं फेसबुकचं पान असतं, इन्स्टाग्राम असतं, एक्सवर म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर खातं असतं. ही खाती सांभाळायला मदत करणारी, दुसऱ्याच कुणीतरी बनवलेली अॅप्स बाजारात आहेत. कुणी नको ते संदेश गाळून देतं, कुणी मजकूर ठरल्या वेळी आपोआप टाकून देतं, कुणी चार खाती एका ठिकाणी दाखवतं. त्यासाठी महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे मागतात. ते आपण भरावेत का?

मी आमच्या गटाचा हिशेब बघते. त्यामुळे असा प्रस्ताव आला की पहिल्यांदा माझ्याच टेबलावर येतो. महिना पाचशे रुपये म्हटलं तर फार वाटत नाही. वर्षाचे सहा हजार म्हटलं की सगळ्या दचकतात. कारण सहा हजारांत किती जणींचं एसटीचं भाडं निघतं, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण आज मला फक्त रुपयांचा हिशेब मांडायचा नाही. या पैशांच्या मागे कुणाची सुरक्षितता आहे, कुणाचे श्रम आहेत आणि कुणाची जबाबदारी आहे, ते आपण पाहू या.

आधी हे त्रयस्थ अॅप म्हणजे काय ते समजून घेऊ. फेसबुक किंवा एक्स हा घराचा मालक. आपण त्याच्या घरात राहतो. तो आपल्याकडून रोख भाडं घेत नाही, जाहिरातवाल्यांना आपली माहिती वापरू देऊन ते वसूल करतो. त्रयस्थ अॅपवाला या घरात मालकाच्या परवानगीनं एक खोली घेतो आणि त्या खोलीतल्या सोयी आपल्याला पैसे घेऊन देतो. म्हणजे आपण झालो पोटभाडेकरू. पोटभाडेकरूचं काय होतं ते शहरात राहणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. मालकानं भाडेकरूला बाहेर काढलं की पोटभाडेकरूचं सामान आपोआप रस्त्यावर येतं. त्यानं भाडं वेळेवर भरलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

मग अशी खोली घ्यायचीच कशाला? कारण घर राहण्यासारखं नाही. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियानं जानेवारी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ भारतीय महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेले १,१४,७१६ ट्वीट त्यात तपासले होते. दर सातांपैकी एक ट्वीट त्रासदायक किंवा शिवीगाळीचं निघालं. मुस्लिम स्त्रियांना इतरांपेक्षा ९४ टक्के जास्त धार्मिक किंवा वांशिक शिव्या होत्या. वंचित जातींतल्या स्त्रियांना इतर जातींतल्या स्त्रियांपेक्षा ५९ टक्के जास्त जातीवाचक शिव्या होत्या. म्हणजे गावातली उतरंड इथेही जशीच्या तशी आहे. जी खालच्या पायरीवर, तिच्या वाट्याला जास्त घाण.

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावानं बोलत्या-लिहित्या मुस्लिम बायकांचे फोटो लावून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. ‘बुल्ली बाई’ प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केली ती बायकांनी तक्रारी केल्या म्हणून. तक्रार करायची तर पुरावा लागतो. पुरावा ठेवायचा तर ती घाण आधी कुणीतरी वाचावी लागते. ते वाचतं कोण? आपल्या संघटनांमध्ये बहुतेक ठिकाणी हे काम सगळ्यात तरुण मुलीकडे असतं. ‘तुला फोनमधलं कळतं’ म्हणून दिलेलं. तिच्या या कामाची नोंद ना अहवालात होते, ना मानधनात. घरकामाचं मोल कुणी धरत नाही म्हणून आपण इतकी वर्षं बोलत आलो. आपल्याच कार्यालयात हे एक नवं अदृश्य काम तयार झालं आहे, त्याकडेही बघायला हवं.

या ओझ्यावर एका बाईनं शोधलेला उपाय मला तुम्हाला सांगायचा आहे. ट्रेसी चाऊ ही अमेरिकेतली सॉफ्टवेअर इंजिनिअर. तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये स्त्री इंजिनिअर नेमक्या किती आहेत, त्याचे आकडे जाहीर करा, अशी मागणी तिनं २०१३ मध्ये लेख लिहून केली आणि ती गाजली. तिलाही ऑनलाइन छळाचा अनुभव होता. त्यातून तिनं ‘ब्लॉक पार्टी’ हे अॅप बनवलं. जानेवारी २०२१ मध्ये ते ट्विटरसाठी सुरू झालं. त्याची कल्पना साधी होती. नको त्या लोकांचे संदेश तुमच्या समोर येणारच नाहीत, एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतील. तो कप्पा तुम्ही हवा तेव्हा उघडा, किंवा विश्वासातल्या मैत्रिणीला उघडायला सांगा. ती वाचेल, धमकी असेल तर बाजूला काढेल, बाकीच्यांना अडवेल. जिला शिव्या दिल्या तिनंच त्या वाचत बसायची गरज नाही. आपल्या चळवळीला ही गोष्ट नवी नाही. पोलिस ठाण्यात आपण कुठल्याही बाईला एकटीला पाठवत नाही, सोबत कुणीतरी जाते. ब्लॉक पार्टीनं ही सोबत फोनमध्ये आणली.

अशा अॅपसाठी पैसे द्यावेत का? २०२२ साली मला कुणी विचारलं असतं, तर मी ‘जरूर द्या’ म्हटलं असतं. सोय खरी होती, गरज खरी होती, आणि बनवणारीला आपला प्रश्न कळलेला होता.

पण घर दुसऱ्याचं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरनं आपल्या अॅपला पर्याय ठरणारी त्रयस्थ अॅप्स कोणतीही सूचना न देता बंद पाडली आणि त्याला साजेसा नियम नंतर लिहिला. फेब्रुवारीत जाहीर झालं की बाहेरच्या अॅपना माहिती घेण्याचा रस्ता आता फुकट मिळणार नाही. वसंतात नवे दर आले. अगदी छोट्या वापरासाठी महिना १०० डॉलर, त्याच्या वरच्या पायरीला महिना ५,००० डॉलर. मोठ्या वापराचे दर त्याहून कितीतरी पुढे. ३१ मे २०२३ ला ब्लॉक पार्टीचं ट्विटरवरचं काम थांबलं. अॅप वाईट होतं म्हणून नाही, बायकांना नको होतं म्हणूनही नाही. मालकानं दाराला टोलनाका लावला म्हणून.

हे एकट्या ब्लॉक पार्टीचं झालं असतं तर मी त्याला अपघात म्हटलं असतं. पण ‘ट्विटरिफिक’ हे अॅप २००७ पासून चालू होतं. ‘ट्वीटबॉट’ २०११ पासून. दोन्ही जानेवारी २०२३ मध्येच गेली. लोकांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले होते. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करायचे तर ते त्या छोट्या कंपन्यांच्या खिशातून जाणार होते, ट्विटरच्या नाही. म्हणून त्यांना आपल्याच ग्राहकांना विनवावं लागलं की शक्य असेल तर परतावा घेऊ नका. त्याच वर्षी रेडिटनं असेच दर लावले. तिथलं ‘अपोलो’ नावाचं लोकप्रिय अॅप चालवणाऱ्यानं हिशेब मांडला की त्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर भरावे लागतील. ३० जून २०२३ ला अपोलो बंद झालं. रेडिटच्या स्वतःच्या अॅपवर अंध व्यक्तींना नीट वावरता येत नव्हतं, त्या अशाच बाहेरच्या अॅपवर अवलंबून होत्या. त्यांनी आणि इतरांनी आवाज उठवला. हजारो गटांनी आपली पानं बंद ठेवायचा इशारा दिला. तेव्हा कुठे अपंगांसाठीच्या काही बिगर-नफा अॅपना सवलत मिळाली. हे लक्षात ठेवा. सवलत मिळाली ती मागणी संघटित होती म्हणून.

मजकूर आपोआप टाकणाऱ्या अॅपची गोष्टही वेगळी नाही. जानेवारी २०२४ मध्ये मेटा कंपनीनं जाहीर केलं की फेसबुकच्या ‘ग्रुप’मध्ये बाहेरच्या अॅपमधून मजकूर टाकायची सोय बंद होणार. एप्रिलमध्ये ती बंद झाली. ज्यांनी मुख्यतः त्यासाठी वर्षाचे पैसे भरले होते त्यांच्या हातात काय राहिलं, ते तुम्हीच ओळखा.

आता काहीजणी म्हणतात, मग मधला माणूस कशाला, मालकालाच पैसे देऊ. हीही सोय झाली आहे. जून २०२३ मध्ये मेटानं भारतात महिना ६९९ रुपयांत निळी खूण देऊ केली. त्यात तोतया खात्यांपासून जास्त संरक्षणाचं आश्वासन होतं. ट्विटरनं त्याआधी, मार्च २०२३ पासून, एसएमएसनं येणारा दुसरा पासवर्ड फक्त पैसे भरणाऱ्यांपुरता ठेवला. एक विचार करून बघा. तुमच्या नावानं दुसऱ्यानं खातं उघडायचं, तुमचा फोटो लावायचा, लोकांना काहीबाही लिहायचं. हे घडतं त्या कंपनीच्या दारात. आणि ते थांबवायला पैसे तुम्ही भरायचे. घराला कडी नाही अशी तक्रार केली, तर मालक म्हणतो, कडी आहे ना, ६९९ रुपये महिना.

ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. रात्री रस्ता सुरक्षित नाही, म्हणून बाई बसऐवजी रिक्षा करते. शौचालय दूर आहे, म्हणून पाणी कमी पिते. कामाची जागा लांब आणि वाट आडवाटेची, म्हणून कमी पगाराचं जवळचं काम धरते. स्त्री असण्याचा हा जादा कर आपण भरतच असतो, आणि तो भरतो म्हणून रस्ता दुरुस्त करायची निकड कुणाला वाटत नाही. त्यात आणखी एक भेद आहे. जिच्याकडे रिक्षाचे पैसे आहेत ती सुटते, जिच्याकडे नाहीत ती चालत जाते. अॅपचंही तसंच. डॉलरमध्ये पैसे भरणारं कार्ड ज्या संघटनेकडे आहे तिच्या दारावर पहारा. वस्तीतल्या, पाड्यावरच्या गटाकडे नाही. आणि आताच आपण पाहिलं की घाण जास्त कुणाच्या वाट्याला येते.

पण म्हणून ‘पैसे देऊच नका’ असा फतवा काढायला मी उभी राहिलेली नाही. रस्त्यावर दिवे येईपर्यंत मुलीनं घरात बसावं, असं आपण कधीच म्हणत नाही. आज रात्री जिच्या फोनवर शंभर धमक्या येताहेत, तिला तत्त्वज्ञान सांगून भागणार नाही. तेव्हा व्यवहाराचं बोलू. आमच्या गटात अशा कुठल्याही अॅपला पैसे देण्याआधी मी काही प्रश्न विचारते. ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न, याला कुठली चावी द्यावी लागते? माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात महत्त्वाचा. जोडणी करताना अॅप परवानगी मागतं, आणि आपण घाईत ‘हो’ दाबतो. तिथे ‘संदेश वाचणे’ असं असेल तर थांबा. आपल्या पानावर फक्त कार्यक्रमाचे फोटो नसतात. रात्री बारा वाजता एखादी बाई तिथेच लिहिते, की नवरा मारतो, मी काय करू? तिच्या गावाचं नाव त्यात असतं, मुलांची नावं असतात. तिनं ते आपल्या विश्वासावर लिहिलेलं असतं. ते तिसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर अॅप कितीही सोयीचं असो, फुकट दिलं तरी नको.

दुसरा, हे अॅप मालकाच्या परवानगीनं चालतं की चोरवाटेनं? ‘जीबी व्हॉट्सअॅप’सारख्या नकला अनेकींच्या फोनमध्ये असतात. निळी टिक लपवता येते, जास्त फोटो पाठवता येतात, म्हणून घेतलेल्या. त्यात संदेश बंद पाकिटात जातात की उघडे, याची हमी कुणीच देत नाही. शिवाय अशा अॅपमुळे व्हॉट्सअॅप खातं बंद करू शकतं. २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं, की अशा काही नकली अॅपमध्ये फोनमधली माहिती चोरणारं सॉफ्टवेअर सापडलं. बचत गटाचा सगळा व्यवहार ज्या फोनवर आहे, त्यावर असलं काही नको.

तिसरा, उद्या हे बंद पडलं तर आमचं काय राहील? नावांची यादी, जुना मजकूर, पुरावे आपल्याला उतरवून घेता येतात का? येत नसतील तर आपण पैसे देऊन स्वतःचाच दस्तऐवज गहाण टाकतो आहोत.

चौथा, महिन्याचे भरता येतात का? वर्षाचे भरले तर स्वस्त पडतं, हे खरं. पण २०२३ मध्ये काय झालं ते आताच सांगितलं. पोटभाडेकरूनं वर्षाचं भाडं आगाऊ देऊ नये. आणि पैसे कुणाच्या कार्डातून जातात ते लिहून ठेवा. बऱ्याचदा ते एखाद्या कार्यकर्तीच्या स्वतःच्या कार्डातून जातात आणि ती संकोचानं मागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२१ पासून अशी आपोआप वजावट होण्याआधी बँकेला ग्राहकाला कळवावं लागतं. तो संदेश खजिनदाराकडे पोचेल अशी व्यवस्था करा.

पाचवा, हेच काम फुकटात किंवा आपसात होतं का? अनेकदा होतं. विशिष्ट शब्द असलेल्या टिप्पण्या लपवायची सोय फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मुळातच आहे. त्यात मराठी शिव्यांची यादी मात्र आपल्यालाच बसून भरावी लागते. एका दुपारचं काम आहे आणि खरं सांगते, हसत हसत होतं. फेसबुकच्या पानावर आणि इन्स्टाग्रामवर मजकूर पुढच्या वेळेला लावून ठेवायची मेटाची स्वतःची सोय फुकट आहे. खाजगी फोटो पसरवायची धमकी आली असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा डिसेंबर २०२१ पासून आहे. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याची फक्त आकडी खूण सहभागी कंपन्यांकडे जाते. आपल्या देशात ‘टॅटल’ आणि ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ यांनी २०२२ मध्ये ‘उली’ हे मोफत साधन आणलं. ते ब्राउझरमध्ये शिव्या झाकतं आणि पुरावा साठवायला मदत करतं. हिंदी, तमिळ आणि भारतीय इंग्रजीपासून त्यांनी सुरुवात केली. असं काम मराठीतही व्हायला हवं, आणि शब्द तर आपल्याकडेच आहेत, ऐकून ऐकून जमलेले.

या पाचही प्रश्नांतून जे अॅप पार पडेल त्याला पैसे द्यायला माझी ना नाही. उलट ते बनवणाऱ्यांच्या श्रमाचा मोबदला आनंदानं द्यावा. फुकट मिळावं ही आपली सवयही तपासायला हवी. ज्या कामावर आपण विसंबतो ते करणारीला पोट असतं. ब्लॉक पार्टीच्याच कंपनीनं ‘प्रायव्हसी पार्टी’ नावाचं दुसरं साधनही काढलं. वेगवेगळ्या ठिकाणी आपली कोणती माहिती उघडी आहे ते तपासायला ते मदत करतं. एका मालकाच्या मर्जीवर सगळं टांगून ठेवायचं नाही, हा धडा त्यात दिसतो.

आणि अॅपवरचे पैसे वाचले तर ते कुठे घालायचे, तेही सांगते. आधी त्या मुलीला द्या, जी हे सगळं वाचते. तिचं काम मानधनात धरा. तिच्या जोडीला दुसरी द्या आणि आठवड्यानं पाळी बदला. ब्लॉक पार्टीमधली जी खरी शहाणपणाची गोष्ट होती, की दुसरीच्या वाट्याची घाण मैत्रिणीनं वाचायची, त्याला अॅप लागत नाही. ती पद्धत आपण उद्यापासून सुरू करू शकतो. त्यानंतर सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आपल्या वहीत, आपल्या संगणकावर नीट ठेवा. फेसबुकवर आपले पाच हजार अनुयायी असतील, पण ते फेसबुकचे आहेत. वहीतल्या दोनशे जणी आपल्या आहेत. या त्रैमासिकाची वर्गणीदारांची यादी कुणी दर वाढवला म्हणून रातोरात नाहीशी होत नाही.

शेवटचा मुद्दा मागणीचा. युरोपीय संघानं २०२२ मध्ये दोन कायदे केले. एकानं मोठ्या संदेश-सेवांना इतरांच्या सेवांसाठी दार उघडं करायला सांगितलं आणि मार्च २०२४ पासून ते बंधनकारक झालं. दुसऱ्यानं मोठ्या कंपन्यांवर असा नियम घातला, की त्यांच्या व्यासपीठामुळे समाजाला काय धोका होतो ते तपासा आणि अभ्यासकांना माहिती द्या. म्हणजे दार उघडं ठेवणं ही मालकाची मर्जी नसून त्याचं कर्तव्य ठरवता येतं. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. तिथे आपण किती तक्रारी नोंदवतो, त्यांचं पुढे काय होतं, याची नोंद आपल्यातल्या फार थोड्या गटांकडे आहे. नोंद नसेल तर मागणीला आधार नाही. सुरक्षिततेची साधनं फुकट आणि मराठीत द्या, ती बनवणाऱ्या बाहेरच्या गटांना रस्ता मोकळा ठेवा, आणि तो बंद करायचा तर पुरेशी आधी सूचना द्या, या तीन मागण्या आपण सगळ्या मिळून करू शकतो.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं. पैसे भरा, पण गरज पाहून, महिन्याचे, आणि आपल्या बायकांची गुपितं कुणाच्या हाती न देता. भरताना हेही विसरू नका की हे बिल खरं तर दुसऱ्याच्या नावाचं आहे. आता दुपारच्या सत्रात प्रत्येक गटानं आपापला फोन काढून बघावं, की आपल्या पानाला कोणकोणती अॅप्स जोडलेली आहेत आणि ती काय काय वाचू शकतात. मी चहानंतर तुमच्यामध्येच बसणार आहे. आपण एकेक करून बघू.